आरसा ट्रॅक्टरच्या नव्हे, उसाच्या मापाचा

आम्ही मलकापूरच्या बचत गटातल्या बायका बोलतोय. मलकापूर म्हणजे आपलं शाहूवाडी तालुक्यातलं, कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावरचं. बुलढाण्याचं नव्हे आणि कराडजवळचंही नव्हे. नाव एकच असल्यामुळं दरवेळी हे सांगावं लागतं.

आज आम्ही आरशाबद्दल बोलणार आहोत. कपाटाच्या दारावरचा नव्हे, ट्रॅक्टरला लावतात तो. तुम्ही म्हणाल, आम्हा बायकांना त्याच्याशी काय करायचंय? ट्रॅक्टर पुरुष चालवतात, आरसा त्यांनी बघावा. आम्हीही दोन वर्षांपूर्वी असंच म्हणालो असतो.

आपल्या भागात दिवाळी झाली की उसाचा हंगाम सुरू होतो आणि पार उन्हाळा लागेपर्यंत रस्त्यावर ट्रॅक्टर असतात. एकामागं दोन ट्रॉल्या, वर डोंगरासारखा ऊस. त्याच रस्त्यानं आपण बाजाराला जातो, पोरी सायकलीवरून शाळेला जातात, दूध डेअरीला जातं. तोडणीच्या टोळ्यांतल्या बाया लेकरं घेऊन कडेनं चालत असतात. रस्ता सगळ्यांचा, पण सगळ्यात मोठं वाहन ज्याचं, त्याला मागचं दिसतंय का, हे आपण कुणी विचारत नाही.

आमच्या गटातल्या एक काकू त्या दिवशी बँकेतलं काम आटोपून मोपेडवरून परत येत होत्या. पुढं उसाचा ट्रॅक्टर, हळू चाललेला. उजवीकडून पुढं काढावं तर समोरून गाड्या येत होत्या. डावीकडं मोकळं दिसलं म्हणून काकूंनी मोपेड डावीकडून घातली. नेमकी त्याच वेळी समोरून एसटी आली. एसटीला वाट द्यायला ट्रॅक्टर डावीकडं सरकला. मागच्या ट्रॉलीतून लोंबणाऱ्या उसाचा धक्का मोपेडच्या हँडलला बसला आणि काकू मोपेडसकट चरीत गेल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, तीन महिने अंथरूण. हाताखालची म्हैस विकावी लागली.

ट्रॅक्टर चालवणारा मुलगा आपल्याच गावचा. त्याची आई आमच्याच गटात. तो दवाखान्यात आला, काकूंच्या पायाशी उभा राहिला आणि म्हणाला, "काकू, खरं सांगतो, तुम्ही मला दिसलाच न्हाईसा."

पुढच्या मासिक बैठकीला कुणी कुणाशी बोलेना. निम्म्या जणी म्हणत होत्या, पोरगं मोठ्यानं गाणी लावून चालवतं, त्याचीच चूक. निम्म्या जणी म्हणत होत्या, काकूंनी डावीकडून जायचंच नव्हतं. मुलाची आई कोपऱ्यात बसून राहिली, बचतीचे पैसे दिले आणि उठून गेली. अकरा वर्षांचा गट त्या दिवशी मोडतोय की काय, असं आम्हाला वाटलं.

शेवटी काकूंनीच अंथरुणावरून निरोप पाठवला. म्हणाल्या, "भांडत बसू नका. पोरगं खरं बोलतंय का, त्याच्या जागेवर बसून बघा."

मग आम्ही बघितलं. संध्याकाळी भरलेला ट्रॅक्टर सकाळी कारखान्याला जायचा होता, म्हणून रात्रभर गावातच उभा होता. इंजिन बंद केलं, ब्रेक लावला, चाकांना दगड लावले. आमच्यातली एक जण ड्रायव्हरच्या सीटवर चढून बसली. दुसरी पिवळा पदर खोचून ट्रॉलीच्या मागं गेली आणि डाव्या कडेनं पुढं चालत आली. सीटवरची आरशात बघत होती. दिसली तर तिनं "दिसली" म्हणायचं, दिसेनाशी झाली की "गेली" म्हणायचं. तिसरीच्या हातात रांगोळीचा डबा. जिथं "गेली" तिथं रांगोळीचा ठिपका टाकायचा.

मैत्रिणींनो, "दिसली" असा शब्दच आला नाही. मागच्या ट्रॉलीपासून पार ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकापर्यंत आमची पिवळ्या पदराची बाई चालत आली, तरी सीटवरची म्हणतेय, "अगं, निघालीस का न्हाई?" ठिपके जोडत गेलो तर ट्रॅक्टरच्या दोन्ही बाजूंना रांगोळीचे दोन लांबच लांब पट्टे झाले. काकू त्यातल्याच एका पट्ट्यात होत्या. मुलाची आई तिथंच खाली बसली. पोरगं खोटं बोलत नव्हतं.

आरसा नव्हता असं नाही. दोन्ही मडगार्डांवर एकेक आरसा होता, वर रंगीत गोंडे बांधलेले. पण त्या आरशात दिसत काय होतं? ऊस. नुसता ऊस.

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं आहे. आम्ही सुतळीनं मोजलं. ट्रॅक्टर एका मडगार्डाच्या कडेपासून दुसऱ्याच्या कडेपर्यंत सहा फूट. ट्रॉलीचा हौदा सात फूट. पण ऊस भरला की दोन्ही बाजूंनी टोकं बाहेर येतात. भरलेल्या ट्रॉलीची सगळ्यात रुंद जागा मोजली तर साडेआठ फूट भरली. म्हणजे ओढणाऱ्यापेक्षा ओढलं जाणारं अडीच फुटांनी रुंद. आरसा ट्रॅक्टरच्या मापानं बसवलेला, तो उसाच्या कडेच्या आतच राहिला. भिंतीआड उभं राहून अंगणात बघावं तसं झालं. आरसा कितीही पुसा, कितीही वळवा, तो भिंतच दाखवणार.

बाहेरच्या देशांतही हाच प्रश्न आहे. इंग्लंडमध्ये लोक सुट्टीत चाकांवरचं घर मोटारीमागं जोडून फिरायला जातात. त्याला कॅराव्हॅन म्हणतात. मागचं घर मोटारीपेक्षा रुंद असेल तर मोटारीच्या आरशांना जादा लांबीचे आरसे जोडावेच लागतात, तसा तिथला कायदा आहे. न जोडता रस्त्यावर आलं तर एक हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. तिथं घर, इथं ऊस. हिशेब तोच, मागच्या ओझ्यापलीकडं बघता आलं पाहिजे.

आणि आरसा हे पुरुषांचं काम म्हणणाऱ्यांना एक गोष्ट सांगा. मोटारींना आरसे नसायचे त्या काळात डोरोथी लेव्हिट नावाची एक इंग्रज बाई मोटारींच्या शर्यतीत उतरायची. तिनं १९०९ साली बायकांसाठी मोटार चालवण्याचं पुस्तक लिहिलं. त्यात तिनं सांगितलं होतं, गाडीत एक छोटा हातआरसा ठेवा आणि मागचं बघायला तो मधूनमधून उंच धरा. आपल्या फणीकरंड्याच्या पेटीतला असतो, तसलाच आरसा.

आता आम्ही आरसे कसे निवडले ते सांगतो. पहिल्यांदा चुकलो, दुसऱ्यांदाही चुकलो. तुम्ही चुकू नये म्हणून दोन्ही चुका सांगतोय.

पहिली चूक अशी की आम्ही मोठा गोल फुगीर आरसा आणला आणि जुन्याच जागी, मडगार्डवर लावला. फुगीर आरशात जास्त दिसतं, असं दुकानदार म्हणाला होता. ते खरंही आहे. पण आरसा भिंतीआडच होता, त्यामुळं आम्हाला जास्त ऊस दिसला. शिवाय मडगार्ड ड्रायव्हरच्या कोपराशी येतं. तिथला आरसा बघायला मान पुरती वळवावी लागते आणि तेवढ्या वेळात समोरचं बघायचं राहतं.

दुसऱ्या वेळी शहाण्या झालो. ट्रॅक्टरला छत होतं. त्याच्या पुढच्या उभ्या पाइपाला लांब दांडी लावून तिच्या टोकाला सपाट आरसा बसवला. थांबलेल्या ट्रॅक्टरवर झकास दिसलं. इंजिन सुरू केलं आणि आरसा थरथरायला लागला. मागं एक बाई उभी, आरशात तीन दिसायला लागल्या. एकच दांडी लांब काढली की तिचं टोक हलणारच. आणि सपाट आरशात जे दिसतं ते खऱ्या अंतरावर दिसतं, पण फार थोडं दिसतं. रस्त्याची चिंचोळी पट्टीच काय ती दिसली.

तिसऱ्या वेळी जमलं. ते असं. कागद-पेन्सिल जवळ असेल तर लिहून घ्या.

पहिलं माप दांडीचं. हे माप ट्रॅक्टर मोकळा असताना घ्यायचं नाही, ऊस भरल्यावर घ्यायचं. भरलेल्या ट्रॉलीची सगळ्यात रुंद जागा मोजा आणि त्याचं निम्मं करा. आमचं साडेआठ फुटांचं निम्मं सव्वाचार फूट, म्हणजे ५१ इंच. मग ट्रॅक्टरच्या मधल्या रेषेपासून दांडी जिथं बसवायची त्या पाइपापर्यंत मोजा. आमचं ३० इंच भरलं. ५१ मधून ३० गेले, राहिले २१. त्यात चार बोटं, म्हणजे तीन इंच मिळवा. झाले २४ इंच. पाइपापासून आरशाच्या मध्यापर्यंत दांडी दोन फूट हवी. आमचा आरसा आठ इंच रुंद होता, म्हणजे त्याचा इंचभर भाग उसाच्या कडेच्या आत राहिला आणि बाकी सगळा बाहेर आला. असंच पाहिजे. आरशाच्या आतल्या काठाला उसाची कड जराशी दिसावी आणि बाकीच्या आरशात रस्ता दिसावा. कड अजिबात दिसली नाही तर मागचं वाहन ट्रॉलीपासून किती लांब आहे, याचा अंदाज येत नाही.

दुसरं, आधार. दांडी एक नको, दोन हव्यात. एक वरून, एक खालून, आरशापाशी दोन्ही एकत्र येणाऱ्या. घडवंचीला तिरकी पट्टी मारतो तशी. गावातल्या वेल्डिंगवाल्यानं हे तासाभरात करून दिलं. नट नुसते आवळून भागत नाही, आठ दिवसांत सैल होतात. नटावर दुसरा नट आवळून घ्या.

तिसरं, काच. सपाट की फुगीर, हा वाद घालत बसू नका. मोठा आरसा अगदी थोडा फुगीर घ्या आणि त्याच्या खाली किंवा कोपऱ्यात एक छोटा गोल, जास्त फुगीर आरसा लावा. मोठ्या आरशात मागून येणारं वाहन कळतं. छोट्यात चाकाजवळ आलेलं माणूस कळतं. फक्त एक ध्यानात ठेवा, फुगीर आरशात सगळं असतं त्यापेक्षा लांब आणि लहान दिसतं. मोटारसायकल लांब आहे असं वाटतं तेव्हा ती जवळ आलेली असते. नवा आरसा लावल्यावर ड्रायव्हरनं पहिले चार दिवस जपून चालवावं, नजरेला सवय होऊ द्यावी.

चौथं, उंची. आरसा ड्रायव्हरच्या डोळ्यांच्या पातळीला हवा. ट्रॅक्टरची सीट उंच असते, त्यामुळं आरसा आपसूक उंच येतो. तरी त्याची खालची कड माणसाच्या डोक्याच्या वर आहे ना, हे उभं राहून बघा. बाहेर काढलेला आरसा गल्लीतून जाताना कुणाच्या कपाळाला लागायला नको. म्हणून दांडी मुडपता येईल अशी करा. ऊस खाली करून मोकळा ट्रॅक्टर परत येताना आरसे आत घ्यायचे, भरला की बाहेर काढायचे.

पाचवं, दोन्ही बाजूंना आरसा पाहिजे. बरेच जण उजवीकडचा चांगला ठेवतात आणि डावीकडचा मोडला तर मोडला. पण डावीकडंच तर आपण असतो. पायी चालणारी बाई, सायकलवरची पोरगी, डोक्यावर वाढ्यांचा भारा घेतलेली मजुरीण. डावा आरसा आपला आहे.

सहावं, आरशावर गोंडे नकोत, स्टिकर नको, देवाचं नावही नको. देवाला समोर बसवा, आरसा मोकळा ठेवा.

कुणी मालक म्हणतील, आरसा एवढा बाहेर काढला तर गाडीची रुंदी वाढली म्हणून दंड होईल. त्यांना सांगा, १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार रुंदी मोजताना मागचं दाखवणारा आरसा धरत नाहीत. बाहेर आलेला ऊस मात्र कुणीही धरील, म्हणून भरतानाच कडा नीट लावून घ्या. खर्चाचं म्हणाल तर दोन्ही बाजूंचे आरसे आणि वेल्डिंग मिळून ट्रॉलीच्या एका नव्या टायरइतकेही पैसे लागले नाहीत.

आरसे बसल्यावर आम्ही परत रांगोळी टाकली. सीटवर या वेळी मुलाची आई बसली. पिवळ्या पदराची मागून निघाली आणि पहिल्याच पावलाला वरून आवाज आला, "दिसली!" पुढं "दिसली, दिसली" म्हणत ती पार मोठ्या चाकापर्यंत आली. बाजूचे पट्टे गेले.

पण सगळी रांगोळी गेली नाही, आणि हे आम्हाला मुद्दाम सांगायचंय. मागच्या ट्रॉलीच्या बरोबर पाठीमागं एक मोठा चौकोन राहिलाच. कितीही महाग आरसा लावा, उसाच्या पाठीमागचं तो दाखवू शकत नाही. दुसरी एक जागा राहिली वळणाची. ट्रॅक्टर वळला की ट्रॉली आडवी येते, मग एका आरशात नुसती ट्रॉली दिसते आणि दुसऱ्यात लांबचं शेत. शिवाय वळताना मागची ट्रॉली पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाही, ती आतली बाजू कापते. वळणाच्या आतल्या कडेला उभं राहिलेलं माणूस ट्रॅक्टर पुढं गेला म्हणून निर्धास्त होतं आणि ट्रॉली त्याच्या अंगावर येते.

म्हणून आरशाच्या जोडीला आम्ही गावात काही नियम केले. ट्रॅक्टर मागं घ्यायचा असेल तर एक माणूस खाली उतरेल आणि आरशात दिसेल असा उभा राहील. तो दिसेनासा झाला की ड्रायव्हरनं जागच्या जागी थांबायचं. गाणी बंद करायची, खालच्या माणसाची हाक ऐकू आली पाहिजे. फडात ट्रॅक्टर सुरू करण्याआधी ट्रॉलीभोवती एक फेरी मारायची. टोळीतल्या बाया लेकरांना ट्रॉलीच्या सावलीत झोळीत किंवा गोणपाटावर निजवतात. त्यांना दुसरी सावली कुठं आहे? ती फेरी चुकली तर काय होईल, हे सांगायची गरज नाही.

आणि आपल्यासाठी एकच नियम. पुढच्या वाहनाच्या आरशात ड्रायव्हरचं तोंड आपल्याला दिसत नसेल, तर त्याला आपणही दिसत नाही. हे तुमच्या पोरींना शिकवा, सायकल हातात देण्याआधी शिकवा. तोंड दिसेपर्यंत मागं राहायचं. आणि डावीकडून पुढं काढायचंच नाही, तोंड दिसलं तरी नाही. हे आता काकू स्वतः सांगतात, आम्ही सांगायची वेळ येत नाही.

आमच्या गटानं ठराव केला. गटातून ट्रॅक्टरच्या किंवा ट्रॉलीच्या दुरुस्तीसाठी अंतर्गत कर्ज घेतलं तर आधी दोन्ही बाजूंचे आरसे आणि मागचे रिफ्लेक्टर दाखवायचे, मगच सही. तुमच्या गटालाही हे करता येईल. ज्यांच्या घरचा ऊस जातो त्यांनी ट्रॅक्टर फडात आला की आरसा बघावा. नसेल तर ऊस भरण्याआधी विचारावं. हंगामाआधी वाहतुकीचे करार होतात, तेव्हा कारखान्याच्या गट कार्यालयात जाऊन सगळ्या गटांनी मिळून अर्ज द्यावा. एकटीनं विचारलं तर हसतात. वीस जणी गेल्या की खुर्ची देतात.

काकू आता काठी घेऊन चालतात. या हंगामाच्या पहिल्या दिवशी ट्रॅक्टर भरून निघाला तेव्हा त्या रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसल्या होत्या. मुलानं ट्रॅक्टर थांबवला. त्यांनी काठी उचलून डाव्या आरशाकडं दाखवली आणि विचारलं, "मी दिसतेय का रं?"

"दिसताय काकू."

"मग जा."

त्या दिवसापासून हे रोजचं झालं आहे. मुलाची आई परत बैठकीला येते. म्हैस अजून आलेली नाही, पण काकूंच्या कर्जाला पहिली जामीन तीच राहिली आहे.

मैत्रिणींनो, तुमच्याकडं सुतळी आहे, रांगोळी आहे आणि पिवळ्या पदराची एक तरी साडी आहे. हंगाम संपायच्या आत एखाद्या उभ्या ट्रॅक्टरभोवती एकदा ठिपके टाकून बघा.